कप्पतगुड्डाचें सोनें

पुण्याच्या बुधवार पेठेंत माझें सारें आयुष्य गेलें. आमच्या वाड्यापासून सोन्या मारुतीचा चौक हांकेच्या अंतरावर आहे आणि तेथेंच सराफांच्या पेढ्या लागतात. लहानपणीं मी पहांटे दूध आणावयास निघालों, कीं त्या पेढ्यांपुढें एक मनुष्य हमखास दिसावयाचा. हातांत बारीक केरसुणी, शेजारीं एक घमेलें आणि नजर जमिनीला खिळलेली. रस्त्यावरची आणि गटाराच्या कांठची धूळ तो मोठ्या निगुतीनें गोळा करी. हा झारेकरी. ही धूळ तो घरीं नेई, परातींत घालून पाण्यानें धुई आणि तळाशीं उरलेल्या जड वाळूंतून सोन्याचे कण वेगळे काढी. माझे वडील त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, "ह्याच्यासारखी तुझी नजर पुस्तकाला लागली, तर तुझ्या जन्माचें सोनें होईल." जन्माचें सोनें कांहीं झालें नाहीं, मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक झालों आणि प्राथमिक शाळेंत मास्तर म्हणून लागलों. परंतु धुळींत सोनें असतें ही गोष्ट मात्र मनांत पक्की बसली.

पुढें भूगोल शिकवितांना "आपल्या देशांत सोनें कोठें सांपडतें?" असा प्रश्न मी दरवर्षीं विचारीत असें आणि वर्गांतून एका सुरांत "कोलार!" असें उत्तर येई. आज तुमच्यापुढें एक कबुली देतों. कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजीं बंद झाल्या, आणि हा मास्तर त्यानंतरही दोन-तीन वर्षें मुलांकडून तेंच उत्तर घोकून घेत होता. अखेर एका मुलानें वर्तमानपत्राचें कात्रण आणून माझ्यापुढें ठेविलें. त्या मुलाला मीं शाबासकी दिली खरी, पण टोंचणी माझ्याजवळ राहिली.

ती टोंचणी पुन्हां जागी झाली २०२५ सालीं. माझ्या धाकट्या मुलीचें लग्न ठरलें, आणि त्याच वर्षीं सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपयांच्या वर गेला. आमच्या घरीं रोज संध्याकाळीं एकच विषय. मंडळी म्हणत, "अहो, पांच तोळे तरी नवें सोनें घ्यावयासच हवें. मोकळ्या गळ्यानें का मुलगी सासरीं पाठवायची?" पेन्शनीचा हिशेब मांडून मी गप्प बसें. मुलगी आमच्या या वादाला कंटाळली होती. ती एके दिवशीं म्हणाली, "बाबा, कोलार बंद झालें असें तुम्हीच सांगतां. मग हें एवढें सोनें येतें तरी कोठून?"

मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. नेमकें त्याच सुमारास गदग येथें पेढीवर नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. त्यांत एक ओळ अशी होती: "गुरुजी, आमच्या इकडे सोन्याचा डोंगर आहे, आणि त्यांतील एका जुन्या खाणीला आपल्या सांगलीचें नांव आहे. एकदां पाहून जा." सांगलीचें नांव आणि कर्नाटकांतील खाण! मीं मार्गशीर्षांत तिकीट काढलें.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनें सोलापूर, विजापूर, बागलकोट असें करीत दुसऱ्या दिवशीं गदगला पोहोंचतां येतें. हें गांव पुणेकरांना परकें वाटूं नये. १९२२ सालीं जन्मलेले भीमसेन जोशी येथलेच, आणि गाण्याच्या वेडापायीं अकराव्या वर्षीं घर सोडून निघाले ते येथूनच. गदगच्या दक्षिणेस डोंगरांची एक लांबट रांग दिसूं लागते. तीच कप्पतगुड्ड. कानडींत गुड्ड म्हणजे डोंगर. गदगजवळच्या बिंकदकट्टीपासून तुंगभद्रेच्या कांठच्या शिंगटालूरपर्यंत ही रांग साठांहून अधिक किलोमीटर पसरली आहे. भोंवतीं काळ्या मातीचें सपाट रान, कापूस आणि ज्वारी, आणि मध्यें ही हिरवट, करड्या पाठीची रांग. हल्लीं तिच्या माथ्यावर पवनचक्क्यांचे पांढरे खांब ओळीनें उभे आहेत. येथला वारा फार. डोंगरावर एका बसवण्णाला लोक वाऱ्याच्या नांवानेंच ओळखतात.

आतां सांगलीचा संबंध सांगतों. पटवर्धनांच्या सांगली संस्थानचा मुलूख सलग नव्हता. कांहीं तुकडे कृष्णाकांठीं, तर कांहीं थेट कर्नाटकांत. ह्या डोंगराच्या कुशींतला शिरहट्टी तालुका सांगलीकरांचा होता, आणि डोंगराचा उरलेला भाग इंग्रजांच्या धारवाड जिल्ह्यांत होता. १९४८ च्या मार्च महिन्यांत सांगली संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, १९५६ सालीं हा सारा भाग म्हैसूर राज्यांत, म्हणजे आजच्या कर्नाटकांत, गेला आणि १९९७ सालीं गदग हा वेगळा जिल्हा झाला. माणसांच्या सीमा अशा तीनदां बदलल्या. डोंगर आपल्या जागीं राहिला.

ह्या डोंगरांतील सोन्याची माहिती सरकारी दप्तरांत नीट नोंदविली ती रॉबर्ट ब्रूस फूट ह्या भूगर्भशास्त्रज्ञानें. मद्रासजवळ पल्लावरम येथें १८६३ सालीं अश्मयुगांतलें दगडी हत्यार ज्याला सांपडलें, तोच हा गृहस्थ. १८७४ सालीं त्यानें ह्या डोंगरांतील सोनें असणाऱ्या खडकांवर लेख प्रसिद्ध केला. ह्याच प्रदेशावरून त्यानें अशा खडकांना पुढें धारवाडी खडक हें नांव दिलें. हे खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने. त्यांच्यामधून पांढऱ्या गारेच्या शिरा गेलेल्या असतात, आणि त्या गारेंत सोन्याचे कण विखुरलेले असतात. पावसानें खडक झिजतो, गार फुटते, कण ओढ्यांत येतात, आणि सोनें जड असल्यामुळें वाळूच्या तळाशीं बसतात.

पण फूटसाहेबाच्या पूर्वींपासून हें ज्यांना ठाऊक होतें, त्यांना तिकडे जलगार म्हणतात. मोठा पाऊस पडून गेला, कीं हे लोक सोरटूरच्या बाजूच्या नाल्यांवर जात, वाळू लाकडी डोणींत घालून धुवीत आणि तळाशीं उरलेले कण वेंचीत. हें ऐकतांच माझ्या डोळ्यांपुढें आमचा सोन्या मारुतीपुढचा झारेकरी उभा राहिला. तीच धूळ, तेंच पाणी, तीच जमिनीला खिळलेली नजर! एकजण डोंगराचा केर धुतो, दुसरा सोनाराचा. फूटसाहेबानें ह्या लोकांकडून वाळू धुवून पाहिली. सोनें निघालें, पण अगदीं थोडें.

थोडें असलें म्हणून मनुष्य थांबतो थोडाच! १८८० सालापासून इंग्रजी कंपन्यांनीं कोलारला खाणी चालविल्या आणि त्यांना अपार सोनें मिळालें. ती बातमी ऐकून विसाव्या शतकाच्या आरंभीं कप्पतगुड्डावरही कंपन्या उतरल्या. त्यांतील एकीचें नांव होतें सांगली गोल्ड माइन्स. दुसरी धारवाड रीफ्स. कबुलायतकट्टी, होसूर, अत्तिकट्टी या खेड्यांच्या शिवारांत विहिरीसारखीं खोल विवरें खणलीं गेलीं. दगड कुटून त्याचें पीठ करावयाचें, पाऱ्यानें त्यांतलें सोनें धरावयाचें, आणि उरलेलें सायनाइडच्या पाण्यांत विरघळवून काढावयाचें, अशी त्या काळची सर्वत्र रीति होती. परंतु कोलारचें भाग्य ह्या डोंगराच्या कपाळीं नव्हतें. शिरा मध्येंच तुटत, सोनें मध्येंच सरे. दहा-बारा वर्षांतच कंपन्यांनीं गाशा गुंडाळला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी, माझा विद्यार्थी आणि वनखात्याचा एक रक्षक असे तिघे परवानगी घेऊन डोंगरांत शिरलों. हें दाट अरण्य नव्हे. धावडा, खैर, बोर, तरवड, मधून मधून गुडघाभर पिंवळें गवत. पण हा रक्षक जमीन वाचीत चालला होता. एका जागीं त्यानें पांढऱ्या खडूसारखे गोळे दाखविले. तरस हाडें चावून खातो, म्हणून त्याची विष्ठा अशी पांढरी होते, असें तो म्हणाला. पुढें ओढ्याच्या ओल्या वाळूंत लांडग्यांचीं पावलें उमटलेलीं होतीं. येथें बिबट्या आहे, खोकड आहे, चिंकारा आहे, आणि चार शिंगांचें जगावेगळें हरीण, चौशिंगा, तेंही आहे. आयुर्वेदाच्या वैद्यांना हा डोंगर फार पूर्वींपासून औषधी वनस्पतींसाठीं ठाऊक आहे. रक्षक जागोजाग थांबून पानें चुरगळून हुंगावयास देई आणि कानडी नांवें सांगे. माझ्या विद्यार्थ्याला त्यांचीं मराठी नांवें येईनात. मला तरी कोठें येत होतीं?

मग आम्ही जुन्या खाणीपाशीं आलों. मीं मनांत कांहीं भव्य चित्र रंगविलें होतें. प्रत्यक्ष पाहिलें तें असें: उतारावर एक बुजत आलेला खड्डा, तोंडावर काटेरी झुडपें, आणि खालीं पांढऱ्या गारेच्या दगडांचा ढीग. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, पण त्या ढिगावर गवत म्हणावें तसें उगवलेलें नाहीं. भोंवतालच्या रानांत तो एखाद्या डागासारखा दिसत होता. मीं एक गारेचा तुकडा उचलून उन्हांत धरला. कांहीं चकाकलेंही. रक्षक हंसला. "तें सोनें नव्हे, गुरुजी," माझ्या विद्यार्थ्यानें त्याचे शब्द मला समजावून सांगितले, "तो माक्षिक धातु. आणि दगड खालीं ठेवा. अभयारण्यांतून खडाही नेतां येत नाहीं." मीं शाळेंतल्या चुकलेल्या मुलाप्रमाणें दगड होता तेथें ठेविला.

तेथेंच बसून मीं मनाशीं हिशेब केला. भूगोल चुकला, गणित तरी चुकूं नये! समजा, खाणींतल्या एका टन दगडांत तीन ग्रॅम सोनें आहे. खाणीच्या व्यवहारांत असें प्रमाण कांहीं वाईट मानीत नाहींत. सराफाचा आजचा तोळा दहा ग्रॅमांचा. म्हणजे एका तोळ्यासाठीं सव्वातीन टनांहून अधिक दगड फोडावा लागणार. आमच्या मंडळींना हवे होते पांच तोळे. म्हणजे जवळजवळ सतरा टन दगड, दोन मालमोटारी भरतील इतका. तो फोडावयाचा, दळावयाचा, विषारी पाण्यांत भिजवावयाचा आणि त्याचा चिखल कोठें तरी टाकून द्यावयाचा. मुलीच्या गळ्यांत पांच तोळे, आणि कोणाच्या तरी शिवारांत सतरा टनांचा ढीग! माझ्या समोरचा पांढरा ढीग कोणाच्या तरी पणजीच्या दागिन्यांचाच होता.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वींचा राहिलेला नाहीं. सोन्याचा भाव वाढला, कीं पूर्वीं न परवडणारा दगडही परवडूं लागतो. कप्पतगुड्डांत पुन्हां सोनें काढावें असे बेत अलीकडच्या काळांतही झाले. त्याआधीं २०११ सालीं मुंडरगी तालुक्यांत हळ्ळिगुडीजवळ पॉस्को कंपनीचा पोलादाचा मोठा कारखाना येऊं घातला होता. शेतकऱ्यांनीं आणि गदगच्या तोंटदार्य मठाच्या सिद्धलिंग स्वामींनीं विरोध केला आणि तो बेत मागें पडला. २०१५ सालीं सरकारनें डोंगराला राखीव संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर केलें, २०१६ सालीं तें रद्द केलें, लोक रस्त्यावर आले, आणि २०१७ सालीं तें पुन्हां लागूं झालें. ह्या चळवळीच्या अग्रभागींही तेच स्वामी होते. २०१८ सालीं ते निवर्तले. २०१९ च्या मे महिन्यांत २४४ चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक क्षेत्र वन्यजीव अभयारण्य झालें. भोंवतालच्या दगडखाणींचा वाद त्यानंतरही अधूनमधून डोकें वर काढतोच.

इतकें ऐकून तुम्ही म्हणाल, मास्तर, निर्णय तर झाला, डोंगर वांचला. पण परतीच्या वाटेवर एका खेड्यांत चहा घेतांना एक वृद्ध गृहस्थ भेटले. माझ्याहूनही दहा वर्षांनीं मोठे असतील. त्यांचे आजोबा पावसाळ्यांत नाल्यावर सोनें धूत. मीं मोठ्या उत्साहानें डोंगर राखला गेला म्हणून आनंद व्यक्त केला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "तुमच्या गांवीं सोनें विकत घेतात ना? मग खाण कोठें तरी होणारच. आमच्याकडे झाली असती, तर माझा नातू हुबळीला हमाली करावयास गेला नसता."

श्रोतेहो, ह्या वाक्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. डोंगर राखावा, असें पुण्यांत बसून म्हणणें सोपें आहे. राखणाऱ्यांच्या घरीं चूल कशावर पेटावी, हा प्रश्न त्यांचा. आणि त्यांचें पहिलें वाक्य तर थेट माझ्या वाड्याच्या दारांत येऊन उभें राहिलें. कोलार बंद झाल्यानंतर आपल्या देशांत सोन्याची मोठी चालती खाण म्हणजे रायचूर जिल्ह्यांतील हट्टी. देशांत वर्षाला निघणारें सोनें दोन टनांच्याही आंत-बाहेर, आणि बाहेरून आपण आणतों तें कित्येक शें टन. म्हणजे मुलीच्या प्रश्नाचें उत्तर असें होतें: आपल्या घरांतलें नवें सोनें बहुतेक कोणा परक्या देशाच्या डोंगरांतून येतें. तेथेंही एखादा कप्पतगुड्ड असेल, त्यावर लांडगे असतील, त्याच्या पायथ्याशीं असाच एखादा म्हातारा असेल. आपण त्याला पाहत नाहीं, एवढेंच.

गदग सोडण्यापूर्वीं माझा विद्यार्थी मला शिरहट्टीकडील मागडीच्या तलावावर घेऊन गेला. हिवाळ्यांत तेथें मध्य आशियांतून, हिमालय ओलांडून, पट्टकदंब नांवाचे हंस उतरतात. पांढरें डोकें, त्यावर दोन काळे पट्टे. शेंकडों हंस पाण्यावर तरंगत होते आणि कांठच्या शेतांत गांवकरी आपापलीं कामें करीत होते. कोणी त्यांना हाकलीत नव्हता. २०२४ सालीं ह्या तलावाची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत गणना झाली. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, आतां बाहेरगांवचे लोक पाहावयास येऊं लागले आहेत. चहाच्या दोन टपऱ्या वाढल्या." दोन टपऱ्यांनीं त्या वृद्धाचा नातू हुबळीहून परत येणार नाहीं, हें मला कळतें. तरीपण उत्तराचा शोध ह्याच दिशेला असावा, असें वाटून गेलें. रायचूर जिल्ह्यांतच मस्की गांवीं १९१५ सालीं सोन्याच्या शोधांत हिंडणाऱ्या बीडन नांवाच्या एका इंजिनियराला खडकावर कोरलेला लेख दिसला. त्यांत अशोकाचें नांव निघालें, आणि शिलालेखांतला 'देवानां प्रिय' राजा म्हणजेच अशोक ह्याविषयीं शंका उरली नाहीं. सोनें शोधणाऱ्याच्या हातीं सोन्याहून मोलाचें कांहीं लागलें, असें पूर्वींही घडलेलें आहे.

घरीं आलों तों मंडळींनीं दारांतच विचारलें, "अहो, सोन्याच्या डोंगरावर जाऊन काय आणलें?" मीं रिकामे हात दाखविले आणि रात्रीं जेवतांना सारी हकीकत सांगितली. सतरा टनांचा हिशेब सांगितला; त्या वृद्धाचें वाक्यही जसेंच्या तसें सांगितलें. उपदेश मात्र कांहीं केला नाहीं. छत्तीस वर्षें मास्तरकी केल्यावर एवढें कळलें आहे, कीं उपदेश सुरू झाला कीं मुलें खिडकीबाहेर पाहूं लागतात.

दोन दिवस मंडळी कांहींच बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं कपाटांतून एक फडक्याची पुरचुंडी काढली. तींत माझ्या आईच्या पाटल्या होत्या. जुन्या घडणीच्या, जाड, झिजलेल्या. तीस वर्षांत कोणाच्या हातांत गेल्या नव्हत्या. मंडळी मुलीला म्हणाल्या, "आजीच्या पाटल्या मोडायच्या म्हणजे माझ्या जिवावर येतें. पण तुझ्या गळ्यांत राहिल्या तर त्या मोडल्या असें तरी कसें म्हणायचें?" मुलीचे डोळे भरून आले. नवें सोनें घेतलें नाहीं. एक वाटी तेवढी जुन्या सोन्यांतून कमी पडत होती, ती मुलीनें आपल्या पगारांतून चांदीवर मुलामा देऊन करून घेतली. व्याह्यांकडे कोणीं नांवें ठेविलीं कीं नाहीं, तें मला ठाऊक नाहीं. मुलगी सुखांत आहे.

पाटल्या वितळवितांना मी सोनाराकडे मुद्दाम जाऊन बसलों. मुशींत माझ्या आईच्या हातचें सोनें लाल होऊन पाणी झालें, तेव्हां क्षणभर पोटांत कालवलें. पण थंड झाल्यावर काट्यावर ठेविलें, तों वजन जवळजवळ तेवढेंच. सोन्याचा हा गुण विलक्षण आहे. एकदां डोंगरांतून बाहेर आलेलें सोनें कितीही वेळां मोडा आणि घडवा, तें संपत नाहीं. डोंगराला मात्र हा गुण नाहीं. तो एकदां मोडला, कीं पुन्हां घडवावयास कोणाकडेही मूस नाहीं. तो पांढरा ढीग शंभर वर्षांनंतरही तसाच आहे.

निघतांना पाहिलें, तों सोनाराच्या पोऱ्यानें केरसुणी घेऊन भट्टीपुढची धूळ हलकेंच गोळा केली आणि एका डब्यांत झांकून ठेविली. मीं विचारलें, "ही धूळ कोणाला देतां?" तो म्हणाला, "झारेकऱ्याला, आजोबा. अजून येतो की तो."